बंडाचं इतिवृत्त

गद्दार शोधून काढायचं काम समितीने माझ्यावर सोपवलं, कारण समितीत माझ्याइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. चौतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली. तिथे माणूस समोर आला की आधी त्याच्या हाताकडे बघायचं, कागद कसला आहे ते, तोंडाकडे मग. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी सवय सुटलेली नाही. दूधवाल्याने पिशवी दाराच्या खिळ्याला न अडकवता हातात दिली, तर आज याला काय हवंय म्हणून मी अर्धा दिवस विचार करतो.

ऐरोली आणि रबाळ्याच्या मधे, काचेच्या कंपन्यांच्या पाठीमागे एक जुनं गावठाण आहे. तिथे आम्ही नवरा-बायको अकरा वर्षं भाड्याने राहतो. घरमालकीण पंच्याहत्तरीची आगरी बाई. सगळं गाव तिला बय म्हणतं, म्हणजे आई, म्हणून आम्हीही बयच म्हणतो. खाली ती एकटी, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. मी मूळचा साताऱ्याकडचा, आणि कचेरीतला म्हणून ती मला ‘सायेब’ म्हणते. या शब्दात आदर किती आणि चेष्टा किती, हे अकरा वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

नवं शहर वसलं तेव्हा बयच्या सासऱ्याची भाताची जमीन गेली, मिठागरातला वाटाही गेला. उरलं ते घर आणि मागचं अंगण. माणसं वाढली तसं घर अंगणात सरकत गेलं. मागे स्वयंपाकघर झालं, त्याच्याही मागे पडवी झाली. गावठाणाची हद्द दाखवणारी एक रेषा नकाशावर आहे. ती बयच्या देव्हाऱ्याच्या आणि चुलीच्या बरोबर मधून जाते. म्हणजे देव अधिकृत, चूल अनधिकृत. दोन वर्षांपूर्वी नोटीस आली की रेषेपलीकडचं बांधकाम पंधरा दिवसांत काढून घ्या, नाहीतर आम्ही काढू.

बयने ती नोटीस मला वाचायला दिली. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिलं आलं ते कौतुक. मसुदा देखणा होता. एक शब्द इकडचा तिकडे नाही, संदर्भ क्रमांक जागच्या जागी. अशा नोटिसा मी स्वतः हजारांनी पाकिटात घातल्यात, डिंकाची बाटली शेजारी ठेवून. पाकीट उघडणारं माणूस कसं दिसतं, ते मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बयने विचारलं, म्हणजे चूल कुठं न्यायची? नोटिशीत त्याबद्दल काहीच नव्हतं. मी पुन्हा एकदा वाचून खात्री केली.

त्या ओळीतल्या आणखी पाच घरांना तशाच नोटिसा होत्या. मग घर बचाव समिती झाली. अध्यक्ष बयचा पुतण्या. रबाळ्याला त्याचा यार्ड आहे, पाण्याचे टँकर आणि माती उकरायच्या दोन पिवळ्या मशिनी भाड्याने देतो. चिटणीस मी, कारण माझं अक्षर चांगलं आणि मला दुसरं काही येत नाही.

सुरुवातीला आम्ही रीतसर चाललो. अर्ज केला, सुनावणी मागितली, स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र. रबाळे स्टेशनजवळच्या टायपिंगच्या दुकानात जाऊन मी एक साचाच करून घेतला. वर समितीचं नाव, खाली माझ्या सहीची जागा, त्याखाली प्रती कुणाकुणाला जायच्या ती यादी. दुकानवाल्या बाईंना बजावून ठेवलं की मी कागद दिला की टाइप करायचा, मला छापील गठ्ठा द्यायचा, यादीतल्या बाकीच्यांना ईमेलने पाठवून मोकळं व्हायचं. दर वेळी मला विचारत बसू नका. आयुष्यभर आज्ञा घेतलेल्या माणसाला कधीतरी एक देता आली, याचं मला फार बरं वाटलं.

अर्जांना उत्तर आलं नाही. सुनावणी लागली नाही. एक दिवस पुतण्या म्हणाला की आता मशीन आली की समोर बसायचं, दुसरा रस्ता नाही.

इथे माझी पंचाईत झाली. घर वाचावं असं मला मनापासून वाटत होतं. पण मशीन सरकारची, पेन्शनही सरकारची. ज्याच्या पैशाने माझ्या चहात साखर पडते त्याच्या वाटेत आडवं पडायचं, हे बसतं कशात? आणि मुळात सरकार म्हणजे कोण, हेही मला नक्की माहीत नव्हतं. आमची कचेरी तीन मजली होती. तळमजल्यावरचे आम्ही लोकांना सांगायचो, आमच्या हातात काही नाही, वर बघावं लागेल. पहिला मजला दुसऱ्याकडे बोट दाखवायचा, दुसरा तिसऱ्याकडे. तिसऱ्या मजल्यावर एकदा फाईल घेऊन गेलो, तर साहेब टेबलावरच्या फोनकडे बघत म्हणाले, बघू काय आदेश येतो. चौतीस वर्षांत मला सरकार भेटलं नाही. ज्याला मी कधी पाहिलं नाही त्याच्याविरुद्ध बंड करायचं म्हणजे तोंड कुठल्या बाजूला करून बसायचं?

जावई खारघरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. त्याला फोन केला. तो खूश झाला. मी त्याला त्याच्या विषयातलं काही विचारायची ही पहिलीच वेळ. त्याने मोजून अटी सांगितल्या. आधी मागून पाहिलं पाहिजे. पुन्हा मागून पाहिलं पाहिजे. विरोध करताना कुणाला इजा होता कामा नये. शिक्षा झाली तर भोगायची तयारी पाहिजे. मी पाकिटाच्या पाठीवर चारही उतरवून घेतल्या. पाचवी सांगताना तो म्हणाला की जे करायचं ते उघड करायचं, लपूनछपून केलं की त्यातलं नीतीचं बळ जातं. तेवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली, पाकीटही संपलं होतं. पाचवी लिहायची राहिली.

पहिली बैठक रविवारी दुपारी गावदेवीच्या देवळाच्या ओट्यावर झाली. ठरलं असं: बुधवारी मशीन येणार अशी कुणकुण आहे, तर बायकांनी गल्लीच्या तोंडाशी बसायचं आणि पुतण्याने दोन टँकर गल्लीत आडवे लावायचे, बंद पडल्यासारखे. मी सगळं इतिवृत्तात उतरवलं. ठराव क्रमांक एक, ठराव क्रमांक दोन, सूचक, अनुमोदक. दुसऱ्या दिवशी छापील प्रती सगळ्यांना वाटल्या. पुतण्या म्हणाला, काका, हे लिहून ठेवायची काय गरज? मी त्याला समजावलं की उद्या कोण काय बोललं यावरून वाद नको. इतिवृत्त नसलेली सभा ही सभाच नव्हे, असं मी मानतो. अजूनही मानतो.

मशीन बुधवारी आली नाही. मंगळवारी सकाळी आठला आली, तीही गल्लीतून नाही. मागच्या नाल्याच्या कडेने, जिथे आमचं कुणीच नव्हतं. बय नळावर होती. ती परत येईपर्यंत पडवी गेली. तिथे तिची मासळी सुकवायची दोरी होती, पावसाळ्यासाठी साठवलेली लाकडं होती, आणि नवऱ्याचं मीठ ओढायचं लाकडी फावडं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. फावडं मोडलं. स्वयंपाकघराची मागची भिंत उघडी पडली. ती पुढच्या वेळी, असं सांगून लोक गेले.

बयने नळावरून आणलेली कळशी खाली ठेवली. फावड्याचे दोन तुकडे तिने आत नेऊन देव्हाऱ्याखाली ठेवले, अधिकृत बाजूला.

आतलं कुणीतरी फुटलंय हे त्याच दिवशी सगळ्यांना कळलं. ते कोण, यावर गावात दुसरं बोलणं उरलं नाही. पानपट्टीवाला फोनवर हळू का बोलतो, तिसऱ्या घरातल्या सुनेचा भाऊ कुठल्या खात्यात आहे, कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीचं काम आत्ताच का थांबलं. मी वहीचे दोन रकाने केले: नाव आणि संशयाचं कारण. आठवड्यात वहीत सगळं गाव आलं. बायकोचं नाव नव्हतं. मग वाटलं, नसणं पक्षपाताचं दिसेल, म्हणून शेवटी तेही घातलं. कारण लिहिलं, जिन्यात फार वेळ बोलते. तिने वही वाचली आणि एवढंच म्हणाली, “अहो, यात एक नाव राहिलंय.” मी विचारलं कुणाचं. ती पोळ्या लाटत राहिली. तिच्या नावापुढे मी आणखी एक फुली मारली.

दुसऱ्या बैठकीत गावदेवीपुढे नारळ ठेवला. गावची रीत आहे, नारळावर हात ठेवून बोललेलं मोडत नाहीत. सगळ्यांनी हात ठेवला की इथलं बाहेर जाणार नाही. मीही ठेवला, आणि ठेवताना इतरांचे हात थरथरतात का ते बघत होतो. या वेळी ठरलं की मशीनची चाहूल लागताच बायकांनी घरात बसून आतून कडी लावायची, आणि टँकर गल्लीत एक, नाल्याच्या बाजूला एक, असे दोन दिवसांनी संध्याकाळपासूनच उभे करायचे. इतिवृत्तात मी लिहिलं: ‘सर्व सदस्यांनी गोपनीयतेची शपथ घेतली.’ आणि कागदाच्या डोक्यावर लाल अक्षरांत ‘गोपनीय’ टाइप करायला सांगितलं. दुकानवाल्या बाई म्हणाल्या, लाल शाईचे जास्त होतील. म्हटलं, होऊ द्या, प्रश्न घराचा आहे.

टँकर उभे राहायच्या आधीच, त्याच दिवशी दुपारी चारला, वाहतूक पोलीस यार्डात गेले आणि कागदपत्रांत काहीतरी काढून दोन्ही टँकर चौकीत नेऊन लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली, बयच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल रंगाने बाण काढून खाली पुढच्या पंधरवड्यातल्या बुधवारची तारीख टाकून गेली. कडी लावायलाही कुणाला वेळ मिळाला नाही.

आता वहीतलं एकच नाव माझ्यापुढे नाचायला लागलं. पडवी पाडणारी मशीन पिवळी होती, पुढे लिंबू-मिरची होती, काचेवर देवीचं चित्र होतं. पुतण्याच्या मशिनीही अशाच. गल्लीतल्या जागेला पुढे भाव येणार, त्याचा धंदा ठेकेदारांशी. टँकर तर दुसऱ्या दिवशी दुपारीच चौकीतून सुटले; इतक्या लवकर कसे? सगळं जुळत होतं. जे फार जुळतं त्याच्यावर संशय घ्यावा, एवढी अक्कल चौतीस वर्षांत यायला हवी होती.

मी कुणाला न सांगता यार्डात गेलो. तो टायर बदलून घेत होता. माझ्यासाठी खुर्ची मागवली, चहा सांगितला. मी चहाला हात लावला नाही आणि विचारलं की पडवीवर आलेली मशीन कुणाची होती. त्याला समजायला वेळ लागला. मग त्याने हात पुसले. त्याच्या दोन्ही मशिनी महिनाभर खारघरला होत्या, हवं तर मी जाऊन बघावं, असं तो शांतपणे म्हणाला. मी म्हटलं, बघेन. तेव्हा तो भडकला.

“काका, माझ्या सख्ख्या काकीचं घर हाय ते. मी त्या पडवीत वाढलो. तुमी कोण? साताऱ्यावरून आले, आयुष्यभर त्यांच्या खुर्चीवर बसले, आजपण तेच तुमाला पोसतात. गद्दार बघायचा ना, तर घरी जाऊन आरशात बघा.”

मी ताठ मानेने बाहेर पडलो. रिक्षात बसल्यावर मात्र हे बोलणं मला फार लागलं. माणूस रागात किती खोटं बोलतो, असा विचार करत मी घरी आलो. पुतण्याने अध्यक्षपद सोडलं. त्याच्याबरोबर आणखी दोन घरं गेली. समितीत बय, मी आणि तीन म्हातारे उरलो.

पुरावा आणायचाच म्हणून मी थेट त्या कचेरीत गेलो, जिथून नोटीस निघाली होती. माझ्या हाताखाली शिकलेला एक जण तिथे आता अधीक्षक आहे. त्याने उठून खुर्ची दिली. मी इकडचं तिकडचं बोलून अंदाज घेत होतो, त्याच्या तोंडून नाव कसं काढावं याचा. तर तोच हसून म्हणाला, साहेब, तुमची कागदाची शिस्त अजून तशीच आहे. त्याने शिपायाला फाईल आणायला सांगितली.

फाईलमध्ये माझी दोन्ही इतिवृत्तं होती. ईमेल छापून घेतलेले, वर आवक क्रमांक, तारीख, आद्याक्षरं. ‘गोपनीय’ लाल शाईतच निघालं होतं. पानाच्या तळाशी यादी होती: प्रत माहितीसाठी सविनय सादर. एक, ज्याच्या टेबलावरून नोटीस निघाली ते अधिकारी. दोन, स्थानिक पोलीस ठाणे. तीन, सर्व सदस्य. चार, कार्यालयीन प्रत. पहिल्या अर्जासाठी केलेला तोच साचा.

अधीक्षक म्हणाला, “सुरुवातीला आम्हाला वाटलं, कुणी चेष्टा करतंय. मग खाली तुमची सही पाहिली. नवीन भरतीच्या मुलांना नमुना म्हणून दाखवतो आम्ही.”

मी म्हटलं, हो, पाठवत असतो. दुसरं काय म्हणणार होतो? चहा प्यायलो. जिना उतरताना कठडा धरला.

त्या छापील प्रती तीन आठवडे गावातल्या प्रत्येक घरात होत्या. गद्दाराचं नाव, पत्ता, सहीनिशी. कुणी तळापर्यंत वाचलं नव्हतं. यात मी लोकांना दोष देत नाही. प्रतींची यादी कधी कुणी वाचत नाही, मीही चौतीस वर्षांत वाचली नाही, नुसती पाकिटं भरली. वहीत राहिलेलं नाव बायकोला कसं दिसलं ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

कबूल करायचं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. साचा बदलायचा आणि गप्प बसायचं, हे सहज शक्य होतं. पुतण्यावर संशय तसाच राहिला असता आणि मी कायम तत्त्वाचा माणूस ठरलो असतो. पण स्वयंपाकघराच्या उघड्या बाजूला बयने जुनं लुगडं बांधलं होतं. जिन्यावरून येता-जाता ते वाऱ्याने हलायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन सगळं सांगितलं. पडवी माझ्यामुळे गेली, हेही सांगितलं.

बय भाकरी थापत होती. हात थांबला नाही. म्हणाली, “मना ठावं हाय. मी वाचलंय खालपर्यंत.”

ती बोट फिरवत सावकाश वाचते, म्हणून एकही ओळ सोडत नाही. आलेला प्रत्येक कागद तिने शेवटपर्यंत वाचला होता आणि तिला वाटलं होतं की मी मुद्दाम कळवतो, तशीच रीत असेल. मी विचारलं, मग पडवी पडली तेव्हा तू बोलली का नाहीस. ती म्हणाली, “कनाला बोलू? आपुन चोरी करतो काय? आपल्या घरान बसायचा हाय, तर सांगूनच बसायचा. ते आधी आलं, त्यांची लबाडी. आपली नाय.” मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, “पन ते टँकर मना आवडलं नव्हतं. बंद पडल्याचा सोंग कनाला?”

जावयाच्या फोनवर जी पाचवी अट लिहायची राहिली होती, ती मला चुलीपुढे मिळाली. पण ऐकून हलकं वाटलं असं म्हणणार नाही. फावड्याचे तुकडे समोरच दिसत होते.

मी तिला यार्डातलं सांगितलं तेव्हा मात्र तिचा हात थांबला. ते तिला माहीत नव्हतं. पुतण्या का रुसला हे त्याने तिला सांगितलंच नव्हतं. आधी त्याच्याकडे जा, ती म्हणाली, मग कागद लिहू.

यार्डात मी उभ्याउभ्याच बोललो. पुतण्याने टँकरच्या कप्प्यातून घडी पडलेलं इतिवृत्त काढलं, तळाची यादी वाचली, पुन्हा वाचली. मग कागदाची घडी करून खिशात घातली.

“काका, आता तुमाला गद्दार बोलू की पोस्टमन?”

मी म्हटलं, आवडेल ते. त्याने या वेळी चहा विचारला नाही. खुर्चीही नाही. बुधवारी येईन, एवढंच म्हणाला.

तिसरं इतिवृत्त बयने सांगितलं आणि मी लिहिलं. ठराव, सूचक, अनुमोदक काही नाही. त्यात इतकंच होतं की बुधवारी सकाळपासून ती स्वयंपाकघरात असेल. दार उघडं असेल. ती उठणार नाही. कुणाच्या अंगाला हात लावणार नाही. न्यायचं असेल तर न्यावं, घराबरोबर. आधी लबाडीने टँकर लावायचं ठरवलं होतं, ते चुकलं, हेही तिने लिहायला लावलं. खाली तिची सही आली. मग तिने पेन माझ्यापुढे धरलं. मी ‘चिटणीस’ लिहायला लागलो, तर म्हणाली, “नाव लिवा, सायेब.” पेन्शन डोळ्यापुढून गेली. नाव लिहिलं. या वेळी दुकानात न देता कागद स्वतः कचेरीच्या खिडकीवर नेला, शिक्का मारून पोच घेतली. खिडकीतल्या पोराने विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, माहितीसाठी.

बुधवारी साडेनऊला मशीन आली. या वेळी सांगितल्या दिवशी आणि गल्लीतून. बय चुलीपुढे, मी आणि माझी बायको दारात, पुतण्या उंबऱ्यावर, बाकी पाच घरांतली माणसं रस्त्याच्या कडेला. टँकर नव्हते. माझ्याबरोबर पोचपावती होती. पोलिसांतल्या एकाच्या हातातल्या काठीकडेच मी बघत होतो.

अधिकारी तरुण होता. त्याच्या फाईलवर सगळ्यात वर आमचा कागद. त्याने विचारलं, ही सही तुमची? मी हो म्हटलं. त्याने बयला बाहेर यायला सांगितलं. ती आतूनच म्हणाली की तुमीच आत या, चहा ठेवलाय. तो देव्हाऱ्यापर्यंत आला. पुढे रेषा होती, तिथे थांबला. चुलीकडे, तिच्याकडे, लुगड्याच्या पडद्याकडे बघत राहिला. मग बाहेर जाऊन फोन लावला. तो कुणाला होता, कुठल्या मजल्यावर, ते कळलं नाही. बराच वेळ तो फक्त ‘हो सर’ म्हणत होता. परत आला आणि आमच्या कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. उलट्या बाजूने वाचायची मला सवय आहे: ‘सदर महिला घरात उपस्थित. पुढील आदेशार्थ सादर.’

मशीन वळवताना समोरच्या घराची पायरी थोडी खरवडली. मग गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आम्ही जिंकलो असं पुतण्या म्हणतो. मला खात्री नाही. मशीनच्या ड्रायव्हरने त्यालाच सांगितलं होतं म्हणे, की अकराला त्याला दुसऱ्या गावात हजर व्हायचंय. ते आमच्या सांगण्याने परत गेले की दुसरीकडची वेळ गाठायला? आणि दुसरीकडे कुणाची चूल होती? बयचा कागद वर गेलाय, एवढं नक्की. वर गेलेला कागद कधीतरी खाली येतो, हे माझ्याइतकं इथे कुणाला ठाऊक नाही. टपाल आलं की मी अजून पाकिटाचा रंग आधी बघतो.

पण सरकारपुढे आडवं व्हावं का, असं जावयाने परवा फोनवर विचारलं, तेव्हा मी त्याला अटी सांगितल्या नाहीत. म्हटलं, ते तुझ्या बयला विचार. तो म्हणाला, माझी बय कोण? मी म्हटलं, शोध.

गेल्या महिन्यात बयने पडवी परत घातली. चार बांबू, वर पत्रे. मी एका बाजूने पत्रा धरला होता आणि पुतण्या खिळे मारत होता. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर माझं पहिलं अनधिकृत बांधकाम. पुतण्या माझ्याशी अजून गरजेपुरतंच बोलतो; त्या दिवशी तीन वेळा बोलला, तिन्ही वेळा ‘वर धरा’ म्हणाला. फावड्याचा दांडा त्याने जोडून आणला होता. बयने ते भिंतीला टेकवून ठेवलं, मासळीची दोरी बांधली, आणि माझ्याकडे वळली.

“कलवलाव काय त्यांना?”

मी म्हटलं, बय, एवढं तरी न कळवता राहू दे. कुणाला कळणार आहे? ती नुसती बघत उभी राहिली. पुतण्याने हातोडी खाली ठेवली आणि तोही बघायला लागला.

मी वर जाऊन कागद काढला. चार बांबू, सहा पत्रे, जागा तीच. सही केली. मग खालची यादी लिहिली आणि ती बोट फिरवत, एकेक ओळ, शेवटपर्यंत वाचून काढली.